चष्म्याच्या नंबरातलं सिलिंडर कॉन्टॅक्ट लेन्समध्ये जातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. चष्म्याच्या कागदावर उजव्या डोळ्याचा नंबर −२.५० / −०.५० × १८० आहे आणि डाव्याचा −६.०० / −२.०० × १५. कॉन्टॅक्ट लेन्सच्या खोक्यांवर मात्र उजव्यासाठी नुसतंच −२.७५ छापलंय आणि डाव्यासाठी −५.५० / −१.७५ × २०. एकही आकडा जुळत नाही. उजव्याचं सिलिंडर गायब, डाव्याचा नंबर ०.५० ने कमी, ॲक्सिस पाच अंशांनी सरकलेला. म्हणून हाताशी पडलेल्या लेन्सेस आपल्या गळ्यात मारल्या, अशी शंका येतेय.

मला तसं वाटत नाही. २२ वर्षं मी डोळे तपासून लेन्स बसवते आहे, आणि हाच चष्म्याचा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मीही बहुधा याच आकड्यांपाशी येऊन थांबले असते. फक्त तिथवर कसं आले ते तुम्हाला बसवून सांगितलं असतं. ते सांगायचं राहून गेलेलं दिसतंय, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी कागद वाचू. पहिला आकडा स्फेरिकल नंबर, म्हणजे सगळ्या दिशांना सारखी असलेली ताकद. तो डायॉप्टरमध्ये लिहितात आणि डायॉप्टर म्हणजे मीटरमधलं अंतर उलटं केलेलं. −२.५० नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय १ भागिले २.५, म्हणजे ४० सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं. −६.०० वाल्याला साधारण १७ सेंटिमीटरपर्यंत. चष्मा काढून पुस्तक हळूहळू लांब नेत बघा, अक्षरं जिथे फुटायला लागतात तिथे तुमचा नंबर सापडेल. नंबर ही डोळ्याच्या ‘खराबी’ची टक्केवारी आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, ते निव्वळ एक अंतर आहे.

दुसरा आकडा सिलिंडर आणि तिसरा ॲक्सिस. ही जोडी कधी तोडायची नाही, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, चेंडूसारखा सगळीकडे सारखा गोल असेल तर सिलिंडर लागत नाही. तो चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी वळलेला असेल, तर उभ्या आणि आडव्या रेषा एकाच ठिकाणी स्वच्छ पडत नाहीत. यालाच अस्टिग्मॅटिझम किंवा दृष्टिवैषम्य म्हणतात. तुमच्या डाव्या डोळ्याला १५ अंशांच्या दिशेत −६.०० लागतो आणि तिच्या काटकोनात, १०५ अंशांच्या दिशेत, −८.००. या दोहोंतला २.०० चा फरक म्हणजे तुमचं सिलिंडर.

ॲक्सिस ही नुसती दिशा आहे, ताकद नव्हे. १८० म्हणजे २० पेक्षा नऊ पट वाईट, असं समजून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. १८० आणि ० ही एकच आडवी रेषा. १७५ आणि ५ यांच्यात १७० नव्हे, फक्त १० अंशांचं अंतर.

सिलिंडर हाताने पडताळता येतं. चष्मा काढून हातभर लांब धरा, डाव्या काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघा आणि चष्मा घड्याळाच्या काट्यासारखा थोडा फिरवा. काचेतली कड बाहेरच्या कडेपासून तिरकी व्हायला लागेल. उजव्या काचेत हा तिरकेपणा जेमतेम जाणवेल, कारण तिथे सिलिंडर फक्त ०.५० आहे. नुसत्या स्फेरिकल काचेत तो मुळीच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यावरून घोळ होतात. काही तपासणारे सिलिंडर अधिक चिन्हात लिहितात. तुमचा डावा नंबर तसा लिहिला तर −८.०० / +२.०० × १०५ असा होईल. नंबर तोच आहे, फक्त मोजायला दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. स्फेरिकलमध्ये सिलिंडर मिळवायचं, सिलिंडरचं चिन्ह उलटायचं आणि ॲक्सिस ९० अंशांनी फिरवायचा. सॉफ्ट टोरिक लेन्सचे, म्हणजे सिलिंडर असलेल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचे, नंबर उणे चिन्हातच छापतात. त्यामुळे दोन कागद ताडून बघताना आधी दोन्ही एका पद्धतीत आणा, नाहीतर डोळ्याचा नंबर २ ने वाढला असं वाटून रात्रभर झोप लागायची नाही.

आता उजवा डोळा. −२.५० / −०.५० मधलं सिलिंडर टाकून दिलेलं नाही, त्याचा अर्धा भाग स्फेरिकलमध्ये मिसळलाय. −२.५० आणि −०.२५ मिळून −२.७५. अर्धाच का? अस्टिग्मॅटिझम असलेल्या डोळ्यात एका बिंदूची प्रतिमा बिंदू म्हणून पडत नाही. पुढेमागे दोन छोट्या रेषा तयार होतात, एकमेकींच्या काटकोनात. त्या दोहोंच्या मधोमध एक जागा अशी असते, जिथे पसरट डाग सर्वांत लहान आणि गोल असतो. अर्धं सिलिंडर मिळवलं की ही जागा नेमकी दृष्टिपटलावर येते. मग दोन्ही दिशांना उरते ती चूक फक्त ०.२५ ची. ०.२५ ही नंबर तपासण्यातली सर्वांत लहान पायरी, आणि बहुतेकांना ती जाणवतही नाही. शिवाय सॉफ्ट टोरिक लेन्समध्ये सिलिंडर सहसा −०.७५ पासूनच सुरू होतं. ०.५० साठी ती घातली तर गरजेपेक्षा जास्त सिलिंडर डोळ्यात जाईल आणि लेन्स फिरण्याचा त्रास वर फुकटचा.

डाव्या डोळ्याला मात्र हे सोपं गणित लावता येत नाही. तिथे अर्धं सिलिंडर मिळवून नुसती स्फेरिकल लेन्स दिली असती, तर दोन्ही दिशांना जवळजवळ ०.८५ ची चूक उरली असती. त्या चुकीत अक्षरांना सावल्या येतात आणि रात्रीच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. सिलिंडर कुठे सोडायचं याचा माझा ठोकताळा असा. ०.५० पर्यंत बिनधास्त सोडा. ०.७५ ला माणूस काय काम करतो ते विचारा आणि दोन्ही लेन्स लावून दाखवा. १.०० च्या पुढे सोडू नका. स्फेरिकल नंबर सिलिंडरच्या चौपट असेल तर सिलिंडर सोडून चालतं, असा एक जुना नियम अजून सांगितला जातो. टोरिक लेन्सेस मोजक्या होत्या आणि डोळ्यात नीट टिकत नव्हत्या, त्या काळातला तो नियम. आज त्याला कवटाळून बसण्याचं मला काही कारण दिसत नाही.

सिलिंडर सोडण्याआधी काम विचारा, हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण आला, दोन्ही डोळ्यांचा नंबर ०.०० / −१.०० × ९०. मी अर्धं सिलिंडर मिळवून −०.५० च्या स्फेरिकल लेन्सेस दिल्या. तक्त्यावरची बारीक ओळ त्याने वाचली आणि मी खूश झाले. पंधरा दिवसांनी तो परत आला. दिवसभर पडद्यावर आकड्यांचे रकाने तपासायचं त्याचं काम. त्याला ३ आणि ८ वेगळे करता येईनात, दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. ९० अंशांच्या ॲक्सिसचं सिलिंडर दुरुस्त न करता सोडलं की उभ्या रेषा पुसट होतात आणि आडव्या त्या मानाने टिकतात. १८० च्या ॲक्सिसला याच्या उलट. आपल्या लिपीत सांगायचं तर एकात काना आणि दंड पुसट होतात, दुसऱ्यात शिरोरेषा. शिरोरेषा थोडी फिसकटली तरी शब्द कळतो, पण काना फिसकटला की अक्षरच बदलतं. वाचनाचं काम करणाऱ्यांना ९० च्या आसपासचं आणि तिरक्या ॲक्सिसचं सिलिंडर जास्त छळतं, हा माझा तेव्हापासूनचा अनुभव. त्या तरुणाला टोरिक लेन्स दिल्या आणि तक्रार मिटली. बारीक ओळ वाचता येणं म्हणजे दिवसभर नीट दिसणं नव्हे, हे मला त्याने शिकवलं.

डाव्या डोळ्याकडे परत येते. −६.०० चा −५.५० कसा झाला? चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असते आणि कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावरच बसते. काचेपासून मोजलेलं अंतर आता कॉर्नियापासून मोजावं लागतं, एवढाच फरक. करूनच बघू. −६.०० म्हणजे काचेपासून १६६.७ मिलिमीटर. त्यात १२ मिळवले, १७८.७ झाले. १००० भागिले १७८.७, आले ५.६०. दुसऱ्या दिशेला −८.०० आहे, म्हणजे १२५ मिलिमीटर. १२ मिळवून १३७, आणि १००० भागिले १३७ म्हणजे ७.३०. डोळ्यावर लागणारी ताकद म्हणून एका दिशेला −५.६० आणि दुसऱ्या दिशेला −७.३०. दोहोंतला फरक १.७०. लेन्स पाव पाव डायॉप्टरच्या टप्प्यांनी मिळतात आणि सॉफ्ट टोरिकमध्ये सिलिंडरचे नेहमीचे टप्पे −०.७५, −१.२५, −१.७५ आणि −२.२५. तेव्हा −५.५० / −१.७५. तुमच्या खोक्यावर हेच आहे.

सिलिंडर २.०० वरून १.७० वर आलं, तेही याच हिशोबात. मोठ्या नंबराची दिशा जास्त घटते, लहान नंबराची कमी, म्हणून मधला फरकही आकसतो. पुष्कळ जण नुसता स्फेरिकल आकडा बदलतात आणि सिलिंडर तसंच ठेवतात. दोन्ही दिशा वेगवेगळ्या काढायच्या आणि मग वजाबाकी करायची, हेच बरोबर.

४.०० च्या आतल्या नंबरांना हा खटाटोप करत नाहीत. −४.०० चा −३.८२ होतो, म्हणजे पाव डायॉप्टरचाही फरक नाही. अधिक नंबरांत मात्र सगळं उलटं होतं. तिथे १२ मिलिमीटर वजा करायचे, त्यामुळे कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर वाढतो. +६.०० चा जवळपास +६.५० होतो.

राहिला ॲक्सिस, १५ चा २०. सॉफ्ट टोरिक लेन्सेस बहुतेक करून १० अंशांच्या टप्प्यांनी येतात, १५ सहसा मिळतच नाही. मग १० का नाही? याचं उत्तर कागदावर मिळत नाही, लेन्स डोळ्यात घालून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघावं लागतं.

चष्म्याची काच फ्रेममध्ये घट्ट बसलेली असते, कॉन्टॅक्ट लेन्स अश्रूंवर तरंगते. ती गोलगोल फिरत राहिली तर सिलिंडरची दिशा बिघडते. म्हणून टोरिक लेन्सचा खालचा भाग थोडा जाड ठेवतात. किंवा वरची आणि खालची कड पातळ करतात, मग दोन पापण्या मिळून तिला जागेवर ढकलतात. ओली बी चिमटीत दाबली की निसटते, तसाच हा दाब. पण प्रत्येकाच्या पापण्यांचा ताण आणि तिरकेपणा वेगळा, त्यामुळे लेन्स थोडी कलून स्थिरावते. तेवढ्यासाठीच लेन्सवर बारीक खुणा असतात, बहुधा तळाला, घड्याळाच्या सहाच्या जागी, काही लेन्सेसना तीन आणि नऊच्या जागी. तळाची खूण तपासणाऱ्याच्या डावीकडे सरकली तर तेवढे अंश मिळवायचे, उजवीकडे सरकली तर वजा करायचे. हा हिशोब नेहमी चष्म्याच्या ॲक्सिसवर करायचा. तुमची लेन्स पाच अंश डावीकडे कलत असणार. १५ अधिक ५ म्हणजे २०. वीसची लेन्स पाच अंश कलून डोळ्यात नेमकी पंधरावर बसते.

हे पाच अंश क्षुल्लक नाहीत. लेन्स जितकी फिरते त्या प्रमाणात सिलिंडर दुरुस्त व्हायचं राहतं. ५ अंशांना सुमारे १७ टक्के, १० अंशांना ३५ टक्के, आणि ३० अंशांना पूर्ण १०० टक्के, म्हणजे टोरिक लेन्स घातली काय न घातली काय सारखंच. दहाची लेन्स दिली असती तर ती पाचवर जाऊन बसली असती, गरजेपासून १० अंश दूर, आणि ०.६० चं सिलिंडर उरलं असतं.

शिकाऊ मंडळींना मी एक खूण सांगते. टोरिक लेन्स डोळ्यात असताना वरून नंबर तपासा. उत्तर +०.५० / −१.०० अशा घाटाचं आलं, म्हणजे अधिक स्फेरिकल आणि त्याच्या बरोबर दुप्पट उणे सिलिंडर, तर ताकद योग्य आहे, फक्त लेन्स फिरलेली आहे. खूण कुठे बसलीय ते बघा आणि ॲक्सिस बदला. ताकद बदलायला गेलात तर घोळ वाढेल.

सॉफ्ट लेन्स सोडून कडक, वायू आरपार जाऊ देणारी आरजीपी लेन्स घेतली तर गणित पुन्हा वेगळं. सॉफ्ट लेन्स कॉर्नियावर ओल्या कापडासारखी पसरते आणि त्याचाच आकार घेते. कडक लेन्स आपला गोल आकार सोडत नाही. ती आणि कॉर्निया यांच्यामधली फट अश्रूंनी भरते. अश्रू आणि कॉर्निया दोघेही प्रकाश जवळपास सारखाच वाकवतात, अपवर्तनांक १.३३६ आणि १.३७६. त्यामुळे कॉर्नियाचा उंचसखलपणा बुजून जातो, ओबडधोबड जमिनीवर पाणी साचलं की वरचा पृष्ठभाग सपाट होतो तसा. म्हणून दीड-दोन डायॉप्टरचं सिलिंडरही साध्या गोल कडक लेन्सने जवळजवळ नाहीसं होतं. मात्र ते सिलिंडर कॉर्नियाचं असायला हवं. आतल्या नेत्रभिंगामुळे आलेलं असेल तर अश्रूंचा तिथे काही उपयोग नाही.

आतल्या भिंगाची ही गोष्ट सर्वांत आधी ज्याच्या लक्षात आली तो इंग्लिश शास्त्रज्ञ थॉमस यंग. १८०१ मध्ये त्याने स्वतःच्याच डोळ्यातल्या अस्टिग्मॅटिझमचं वर्णन प्रसिद्ध केलं. डोळ्यासमोर पाणी धरून त्याने कॉर्नियाचा परिणाम घालवला, तरी दोष तसाच राहिला. त्यावरून त्याने ताडलं की आपला दोष आतल्या भिंगात आहे. त्याला आज कडक लेन्स घातली असती तर तिचा काडीचा उपयोग झाला नसता! पुढे १८२५ मध्ये जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या डाव्या डोळ्यासाठी सिलिंडरची काच घडवून घेतली. त्यालाही डोळा एकच, डावाच, त्रास देत होता. तुमच्यासारखाच.

मग तुम्हाला कडक लेन्स हवी का? सॉफ्ट टोरिक नीट बसली असेल तर नको. सवय व्हायला वेळ लागतो आणि एका डोळ्यात सॉफ्ट, दुसऱ्यात कडक अशी कसरत कोणी हौसेने करत नाही. एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. डाव्याचं सिलिंडर दर तपासणीला वाढत असेल, ॲक्सिस भटकत असेल आणि नवीन चष्म्यानेही सावल्या जात नसतील, तर कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या, ज्याला टोपोग्राफी म्हणतात. तरुण वयात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येण्याचा केराटोकोनस नावाचा विकार असतो आणि त्याची पहिली चाहूल बरेचदा अशा हलत्या सिलिंडरनेच लागते. डोळे चोळायची सवय असेल तर ती आजच सोडा. जुने चष्म्याचे कागद फेकू नका. गेल्या तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की मला एका तपासणीपेक्षा जास्त कळतं.

चष्म्याच्या कागदावरून थेट लेन्स मागवता येतात का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. लेन्सच्या मागच्या बाजूचा बाक, उदाहरणार्थ ८.६, आणि तिचा व्यास, उदाहरणार्थ १४.५, हे चष्म्याच्या कागदावर नसतात. लेन्स डोळ्यावर किती हलते, कुठे रुतते आणि किती अंश कलते हे घालून बघितल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या कंपनीची लेन्स घेतली तर तोच −१.७५ × २० वेगळ्या कोनात बसू शकतो. तुमचे २० अंश या एका लेन्सपुरतेच खरे आहेत. बनावट बदलली की ॲक्सिस पुन्हा तपासायचा.

पुढच्या भेटीला निदान दोन तास लेन्स घालून जा. डाव्या डोळ्याची खूण कुठे स्थिरावलीय आणि पापणी मिटल्यावर ती किती हलते, ते विचारा. दिसणं दर उघडझापीला पुसट-स्वच्छ होत असेल तर लेन्स फिरते आहे, तिची बनावट बदलून बघावी लागेल. सतत सारखंच पुसट असेल तर नंबर किंवा ॲक्सिस जुळलेला नाही. उजव्या डोळ्यावर दिवसभर तक्रार नसेल तर तिथे काही बदलू नका. संध्याकाळनंतर दिव्यांना शेपट्या दिसत असतील तर आधी −२.७५ च्या जागी −२.५० लावून बघायला सांगा, कारण १२ मिलिमीटरचा हिशोब केला तर त्या डोळ्याची खरी गरज २.६६ आहे, या दोहोंच्या मधोमध.